बाबांचं कोकण

माझ्या बाबांना कोकणातल्या सगळ्या खाड्या तोंडपाठ होत्या. डहाणू, दातिवरे, वसई, धरमतर, रोहा, राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, तेरेखोल. उत्तरेकडून दक्षिणेकडे, एका श्वासात. आम्ही राहत होतो वणीला, जिथून समुद्र गाठायचा तर अख्खा महाराष्ट्र आडवा ओलांडावा लागतो. तरी आमच्या घरात संध्याकाळी पाटावर बसायचं तर आधी या अकरा खाड्या म्हणून दाखवाव्या लागत. क्रम चुकला की ताट उचललं जाई. एकदा मी दाभोळच्या आधी जयगड म्हणाले, तर बाबांनी माझ्यापुढचं ताट शांतपणे आईकडे सरकवलं आणि म्हणाले, "कुंदाला आज भूक नाही." त्या दिवशी आईने मुगाचे गोळे घातलेला भात केला होता, वरून फोडणीचं तेल. मी दाराशी बसून बाबांना तो भात जेवताना पाहिलं. ते सावकाश जेवत. शेवटी ताटात पाणी घालून पीत, अन्नाचा एक कण वाया जाऊ नये म्हणून.

घर भाड्याचं, दोन खोल्यांचं, चंद्रपूरच्या रस्त्यापासून फार तर दोनशे पावलांवर. दिवसभर कोळशाचे ट्रक जात. आई वाळत घातलेली लुगडी दोरीवरून काढायची तेव्हा आधी अंगणात झटकायची, आणि काळी भुकटी उडायची. दुपारी खाणीत सुरुंग लावला की मांडणीवरच्या वाट्या किणकिणायच्या. आई हातातलं काम न थांबवता म्हणायची, "झालं, फुटला." बाबा घरात असले तर मात्र तिची ही वऱ्हाडी बंद. घरात शुद्ध बोलायचं, हा नियम होता. 'मले' म्हटलं की फूटपट्टी, 'तुले' म्हटलं की फूटपट्टी. बाबा शाळेत भूगोल शिकवायचे, त्यांचे वडील कचेरीत कारकून होते, आजोबांचे वडीलही कुठल्याशा कचेरीतच होते, आणि या सगळ्याचा अर्थ असा की आम्ही रस्त्यावरच्या लोकांसारखं बोलायचं नाही. आई आणि मी बाबा शाळेत गेले की पोटभर वऱ्हाडी बोलून घ्यायचो. आता या वयात मला कोणी विचारलं की तुमची आई कशी होती, तर मला आधी तिची ती दुपारची भाषाच आठवते.

बाबांनी समुद्र पाहिलेला नव्हता, हे शाळेत कोणाला माहीत नव्हतं. घरात माहीत होतं, पण ते बोलायचं नसे. ट्रेनिंग कॉलेजात असताना त्यांनी हाताने काढलेल्या कोकणाच्या नकाशाला पहिलं बक्षीस मिळालं होतं. तो नकाशा पुढच्या खोलीत भिंतीवर होता, काच लावून. त्यावर प्रत्येक बंदर, प्रत्येक किल्ला, कुठे नारळ, कुठे आंबा, कुठे भात, कुठे मिठागरं. वर्गात ते हात पसरून बोलायला लागले की मुलींना वाटायचं, हे सर कालच तिकडून आले. "लाट येते, मुलींनो, फुटते आणि पांढरा फेस होतो." मी पहिल्या बाकावर बसून ऐकायची आणि मनात म्हणायची, कायची लाट न कायचा फेस, तुम्ही तर मोठ्या तळ्याकाठीसुद्धा कधी बसले नाहीत. पण मनात. बाबांच्या समोर मनातलं तोंडावर येऊ न देणं मी फार लहानपणी शिकले होते, आणि त्या गोष्टीत मी हुशार होते.

मी चौदाची झाले त्या वर्षी चांदी राठोड आमच्या वर्गात आली. मुकुटबनच्या पुढे त्यांचा तांडा. शाळेच्या आवारातच मुलींचं वसतिगृह होतं, तिथे ती राहायची. उंच, काटकुळी, कपाळावर गोंदण, आणि पायाला भेगा अशा की माझी बोटं त्यात गेली असती. बाबांनी तिला माझ्या शेजारी बसवलं, कारण माझ्या शेजारची जागा नेहमी रिकामी असे. मास्तराच्या पोरीजवळ कोण बसणार? पहिल्या चाचणीत तिचा पहिला नंबर आला आणि माझा दुसरा. मी ते घरी सांगितलं. त्या संध्याकाळी बाबांनी माझ्याकडून खाड्या तीन वेळा म्हणून घेतल्या.

तरी चांदी मला आवडायची, हे मी आधी सांगून टाकते, नाही तर पुढचं सगळं सोपं होऊन बसेल. रविवारी ती आमच्याकडे यायची. आई तिला परसदारी पाट द्यायची आणि तिच्यासाठी वेगळी ठेवलेली पितळी द्यायची, जी आमच्या भांड्यांत ठेवली जात नसे. चांदीला ते कळायचं. ती जेवून स्वतःच पितळी धुवायची, तुळशीमागच्या कोनाड्यात पालथी घालायची आणि माझ्याकडे बघून भुवया उडवायची. मला लाज वाटायची आणि थोडं बरंही वाटायचं, की पहिला नंबर आला तरी कोनाडा तो कोनाडाच. आईने अंबाडीची भाजी केली की चांदी तीन भाकरी खायची. "काकू, तुमच्या हाताले चव हाय," म्हणायची. आई विरघळायची, पण पितळी काही आत आली नाही.

आणि चांदीने समुद्र पाहिला होता. नुसता पाहिला नव्हता, आठ महिने ती त्याच्या काठाला राहिली होती. तिचे वडील, थावरा राठोड, याडीला आणि लेकरांना घेऊन पेणकडच्या मिठागरावर कामाला गेले होते. याडी म्हणजे तिची आई. "कुंदा, मोठा नाही वाटत गं तो," ती सांगायची. "चिखलच जास्त. गुडघ्याएवढा. पाणी येते न जाते, येते न जाते, दिवसातून दोनदा. तिथल्या बाया चंद्र पाहून सांगतात, आज पाणी कधी चढन. उधाण आलं का बांधाचं दार उघडाचं, पाणी आत घ्याचं. मंग एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, उन्हानं आटत जाते, अन् खाली लूण बसते. पांढरं, टोकदार. माह्या पायाचं हे काय आहे मंग? तेच." मासळी वाळत घातलेले बांबू, त्याचा वास केसातून आठवडाभर न जाणं, चारी बाजूला पाणी आणि प्यायच्या पाण्यासाठी कोसभर चाल. "आमचे आजे-पणजे तिथूनच बैलावर लूण आणत," ती म्हणायची. "बा सांगते, वाटंवरल्या सगळ्या विहिरी तांड्याले पाठ होत्या." हे ती सांगत असे आणि मला पुस्तकातलं वाक्य आठवे. इतिहासाच्या पुस्तकात एकच ओळ होती, बंजारे लोक मिठाची ने-आण करीत. परीक्षेला यायचं नाही म्हणून बाबा ती ओळ गाळायला सांगत. हो, इतिहासही तेच शिकवायचे.

शपथेचं तिने मला असंच एका रविवारी सांगितलं. मी तिची पेन्सिल घेतली की नाही यावरून आमचं भांडण चाललं होतं. ती आत जाऊन आईकडून चिमूटभर मीठ मागून आली. "हातावर घे न सांग."

"का बरं? काय होते?"

"आमच्यात लूण हातात घेतलं का खोटं बोलत नसतात."

"आणि बोललं तर?"

"कोणी बोललंच नाही, तं काय होते कोणाले माहीत?" मग जरा विचार करून म्हणाली, "एक बाई बोलली म्हणते. बाच्या आज्याच्या टायमाले. तिले तांड्यानं मांगंच ठेवलं. बैलं पुढं गेले, ती मांगं. तिच्या बापानंही वळून नाही पायलं."

पेन्सिल माझ्याच कंपासात होती. मी मुकाट्याने काढून दिली. मीठ जिभेवर घेतलं आणि दोघी हसलो.

हिवाळा सरता सरता शाळेत प्रदर्शन ठरलं, आणि बाबांनी कोकण उभं करायला घेतलं. मोठ्या हॉलच्या अर्ध्या फरशीवर. माती, लाकडाचा भुसा, चुना. सह्याद्री माझ्या कमरेएवढा. वर एक घागर, तिच्यातून रबरी नळ्या, आणि प्रत्येक नदी निळी शाई घातलेलं पाणी घेऊन खाली येणार, खाडीतून समुद्रात पडणार. समुद्र म्हणजे पत्र्याचा लांब ट्रे. दोन महिने बाबा शाळा सुटली की तिथेच गुडघ्यावर बसलेले असत. मुलींनी भुसा भिजवायचा, चाळायचा, मळायचा. माझी बोटं चुन्याने सोलवटली. रत्नागिरीचा किनारा एका मुलीच्या हातून ढासळला, तर बाबांनी तिच्या दोन्ही हातांवर ओली माती थापून तिला तास संपेपर्यंत तसंच उभं ठेवलं. माती सुकून ताणली गेली तेव्हा ती रडायला लागली, आणि बाबा म्हणाले, "आता कळलं, किनारा किती नाजूक असतो?" वर्ग हसला. मीही हसले. मी बाबांच्या सगळ्या विनोदांना हसायची.

खाड्यांची माहिती सांगायला चांदीला उभं केलं होतं, कारण तिचा आवाज खणखणीत होता. पाहायला शिक्षण खात्याचे एक साहेब येणार होते, आणि ते खूश झाले तर तीन दिवसांनी आणखी मोठे पाहुणे. बाबांचं दुर्दैव असं, की साहेब मूळचे रत्नागिरीकडचे निघाले. ते वाकून वाकून बघत होते, आपलं गाव शोधत होते. बाबा नवा कोट घालून बाजूला उभे. साहेबांनी चांदीला सहज विचारलं, "काय गं, खाडी म्हणजे काय?"

पुस्तकातलं उत्तर तिला पाठ होतं. मला माहीत आहे, मीच आदल्या दिवशी म्हणून घेतलं होतं. पण ती साहेबांकडे बघून एकदम खुलली. "खाडी म्हंजे सर, जिथं नदी उलटी वाह्यते. भरतीचं पाणी आत चढते न, दोनदा. गोड पाण्यात खारं घुसते. मंग ते बांधात अडवून लूण करतात. इथं तसं नाही दाखवलं. इथं सगळं पाणी खालीच जाऊन राह्यलं."

साहेब हसायला लागले. मोठ्याने, मोकळं. "अगदी बरोबर! तू पाहिलीस का?"

"हो सर. धरमतरच्या काठी होतो आम्ही."

साहेबांनी तिच्या पाठीवर थाप दिली आणि बाबांकडे वळून सहज, अगदी गमतीने, म्हणाले, "काय मास्तर, तुम्ही कधी आला होतात आमच्याकडे? समुद्र पाहिलाय ना?"

बाबा घागरीकडे बघत राहिले. घागरीचं पाणी नळीतून टपटपत होतं तेवढंच ऐकू येत होतं. मग मागून कोणीतरी मुलगी फिस्सकन हसली, आणि मग हॉलभर हशा झाला. हेडसरसुद्धा रुमाल तोंडाशी नेऊन हसले. मी चांदीकडे पाहिलं. तिला कळलंच नव्हतं की तिने काय केलं. ती साहेबांच्या कौतुकाने फुललेली होती. मला तिचा असा राग आला, असा राग आला, की आज लिहितानाही दात आवळले जातात. बाबांची कीव म्हणून नव्हे. साहेबांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं म्हणून.

संध्याकाळी बाबा घरी आले नाहीत. आई म्हणाली, "जा बरं, बोलाव त्यांले. जेवण थंडं होऊन राह्यलं." शाळेत गेले तेव्हा उजेड होता अजून. हॉलचं दार आतून लावलेलं. मी खिडकीशी गेले. बाबा कोट घालून कोकणात उभे होते. बुटासकट. वेड्यासारखे नाही, शिस्तीत. डहाणूपासून सुरुवात केली होती. टाच ठेवायचे, दाबायचे, पुढची खाडी. त्यांचे ओठ हलत होते. मी पोचले तेव्हा बाणकोट झालं होतं. तेरेखोलपर्यंत गेले, मग वळून हाताने सह्याद्री ढकलला. तेव्हा त्यांना मी दिसले. काचेतून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, फार वेळ नाही. खिडकी उघडून म्हणाले, "घरी जा. मी येतोच." आले. हात धुतले, जेवले. माझ्याकडून खाड्या म्हणून घेतल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिपायाने दार उघडलं आणि बोंब झाली. हेडसर लाल झाले. मोठे पाहुणे परवा येणार, आणि कोकणाचा चिखल! कोणी केलं? बाबा खाली बघत म्हणाले, "ज्यांना चुका दिसल्या, त्यांना विचारा. वसतिगृहातल्या मुलींना हॉल काही लांब नाही." नाव घेतलं नाही. बाबा भाषेच्या बाबतीत फार काटेकोर होते.

चांदीला बोलावलं. ती म्हणाली, मी नाही केलं. हेडसर म्हणाले, माफी माग, प्रकरण मिटवू, शाळेतून काढत नाही. ती म्हणाली, "म्या केलंच नाही तं माफी कायले मागू?" एवढं तिने म्हटलं नसतं आणि नुसतं 'चुकलं' म्हटलं असतं, तर ती शाळेत राहिली असती, मॅट्रिक झाली असती, कोण जाणे काय काय झाली असती. हेडसरांनी मुकुटबनला निरोप धाडला. बापाने येऊन माफी मागवून घ्यावी, नाही तर पोरीला घेऊन जावं.

थावरा दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.ने आला. पांढरा फेटा, हातात काठी, अंगावर धुतलेला सदरा. वर्गाच्या खिडकीतून मी त्याला पहिल्यांदाच पाहत होते. हेडसरांच्या खोलीत काय झालं ते मला नंतर शिपायाने सांगितलं. तो खुर्चीवर बसला नाही, उभाच राहिला. सगळं ऐकून घेतलं. मग पोरीला विचारलं, "साची बोल, छोरी. तोडलं का?"

"नाही बा."

थावराने शिपायाला वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातून मूठभर मीठ आणायला सांगितलं. हेडसरांना वाटलं काही तरी जादूटोणा, ते चुळबुळले. बाबा म्हणाले, "आणू द्या. त्यांची पद्धत असते." त्यांना ती बंजाऱ्यांच्या मिठाची ओळ माहीत होती ना पुस्तकातली. मीठ आलं. थावराने चांदीच्या उजव्या हातावर ठेवलं. तिने मूठ मिटली आणि म्हणाली, "म्या नाही तोडलं." तिच्या बापाचा चेहरा सैल झाला. तो हेडसरांना म्हणाला, "साहेब, झालं मंग. पोट्टीनं लूण घेतलं. हिनं नाही केलं."

तेवढ्यावर ते मिटलंही असतं. हेडसर गोंधळले होते. पण चांदीला पुरतं खरं ठरायचं होतं. "बा, कुंदाले विचारा न. मी गच्चीवर होती संध्याकाळी, कुंदा हॉलच्या खिडकीपाशी उभी दिसली मले. तिनं पायलं असन कोण होतं आत. कुंदा खोटं नाही बोलणार."

मला वर्गातून बोलावलं. खोलीत शिरले तेव्हा खिडकीतून ऊन थेट बाबांच्या बुटांवर पडलं होतं. बूट पॉलिश केलेले होते. थावराने माझ्यापुढे हात जोडले, चौदा वर्षांच्या पोरीपुढे. "बाई, तुमी पायलं म्हणते चांदी. हातात लूण घ्या अन् सांगा, कोण होतं." आणि त्याने माझ्या तळव्यावर मीठ ठेवलं. माझा हात घामाने ओला होता, मीठ लगेच चिकट झालं.

मी बाबांकडे पाहिलं. ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. लोक म्हणतात, लेकरू घाबरलं असेल. घाबरले होते, खोटं कशाला बोलू? खरं सांगितलं असतं तर बाबांची नोकरी गेली असती, अब्रू गेली असती. पण मी लिहायला बसलेच आहे तर पुरतं लिहिते. त्या खोलीत माझ्या मनात भीतीच्या आधी दुसरंच आलं. आलं ते असं, की आता चांदी माझ्या मुठीत आहे. साहेबांची थाप, पहिला नंबर, खणखणीत आवाज, सगळं. आणि मला ते गोड वाटलं.

"चांदी होती," मी म्हणाले.

थावरा म्हणाला, "पुन्हा सांगा बाई. लूण हातात हाय."

"चांदीच होती. तिने पायाने तोडलं. मी पाहिलं."

चांदी रडली नाही, ओरडलीही नाही. माझ्या मुठीकडे बघत राहिली. मला वाटतं ती वाट बघत होती, मला काही तरी होईल याची. मला काही झालं नाही. थावराला मात्र झालं. त्याच्या समोर दोन पोरींनी मीठ घेतलं होतं आणि दोघी उलट बोलल्या होत्या. मास्तराची पोरगी, चोपून घातलेल्या वेण्या, शुद्ध बोलणारी, हातात मीठ घेऊन खोटं बोलेल, हे त्याच्या डोक्यातच शिरेना. आमच्या घरात मीठ हे आमटीत घालायचं असतं, एवढंच, हे त्याला कोण सांगणार? मग उरली एकच. मातीचं कोकण तोडल्याचा गुन्हा त्याने केव्हाच माफ केला असता. पण लूण घेऊन खोटं बोललेली पोरगी? तो वळला आणि बाबांच्या पायावर डोकं ठेवलं. त्या बुटांवर. "माझी पोट्टी बाटली, मास्तर," म्हणाला. बाबांनी त्याला खांद्याला धरून उठवलं. "असू द्या, असू द्या," म्हणाले. प्रेमाने म्हणाले.

चांदी पत्र्याची पेटी घेऊन फाटकाबाहेर गेली तेव्हा थावरा तिच्यापुढे दहा पावलं चालत होता. त्याने वळून पाहिलं नाही.

आईने घरी मला विचारलं, "खरंच तिनं केलं का गं?" बाबा पुढच्या खोलीत होते. मी शुद्ध भाषेत म्हणाले, "हो आई, तिनेच." आईने तुळशीमागची पितळी उचलली, राखेने घासली आणि आमच्या भांड्यांत ठेवून दिली. म्हणाली, "आता कोण येते?" वार्षिक परीक्षेत माझा पहिला नंबर आला. बाबांनी पेढे आणले, आयुष्यात पहिल्यांदा. मी चार खाल्ले.

त्या प्रसंगाबद्दल बाबा जाईपर्यंत आम्ही दोघं एक अक्षर बोललो नाही. ते निवृत्त झाल्यावर मी त्यांना अलिबागला नेलं होतं. गाडी थेट वाळूपर्यंत नेली. ते खाली उतरले नाहीत. "ऊन फार आहे," म्हणाले. मी एकटीच पाण्यात पाय बुडवून आले. परत आले तर ते मागच्या सीटवर वर्तमानपत्र वाचत होते.

बाबा गेले त्याच्या पुढच्या वर्षी मी मुकुटबनला गेले. साठी उलटलेली बाई, गुडघे दुखतात, भाड्याची रिक्षा करून तांड्यावर. लोक म्हणतील आता कायले? मलाही माहीत नाही कायले. थावरा जिवंत होता. बाजेवर बसलेला, डोळे अधू, फेटा तसाच पांढरा. सून घरात होती, तिने मला खुर्ची दिली, चहा ठेवला. तिच्याकडूनच आधी अंगणात हळू आवाजात कळलं, की चांदीला त्याच उन्हाळ्यात आदिलाबादकडे देऊन टाकलं. तीजेच्या सणाला कधी बोलावलं नाही, लग्नाकार्याला नाही, तिची याडी गेली तेव्हासुद्धा नाही. सून चोरून फोन करते, एवढंच. "नणंदबाई अजूनही विचारते, बा काही बोलले का माझ्याबद्दल," ती म्हणाली. मी म्हटलं, त्यासाठीच आले आहे. सुनेने माझा हात धरला.

मी थावराला ओळख दिली आणि एका दमात सांगितलं. की मी खोटं बोलले होते. की माझ्या बापाने तोडलं होतं, मी डोळ्यांनी पाहिलं होतं. की चांदीने खरी शपथ घेतली होती आणि मी खोटी. वऱ्हाडीत सांगितलं, दुपारच्या भाषेत. सून दाराला धरून उभी होती, तोंडावर पदर, डोळे वाहत होते तिचे.

 म्हाताऱ्याने काठी जवळ ओढली. "नाही बाई," तो म्हणाला. "तुमच्या हातात लूण होतं. म्या ठेवलं होतं."

"हो काका. तरी बोलले मी खोटं."

"नाही, नाही. आता बोलून राह्यल्या तुमी खोटं. मले बरं वाटावं म्हणून. मास्तराच्या घरची दया हाय तुमच्यात." तो बाजेवर पुढे सरकला. "खरं असन तं म्या काय केलं मंग? चाळीस-पन्नास वर्षं? आता माह्ये किती दिवस राह्यले? हे घेऊन मी कुठं जाऊ? सांगा बाई. आत्ता खोटं बोलल्या न तुमी? सांगा न."

त्याने माझे दोन्ही हात धरले होते. त्याच्या खांद्यावरून मला सून दिसत होती. ती मान हलवत होती, नाही, नाही, नाही. मला सगळं समजत होतं. एक शब्द ठाम धरला असता तर त्याच आठवड्यात चांदी बापाच्या अंगणात आली असती. म्हातारा कदाचित मेला असता, कदाचित नसता. पण माझ्याने त्याच्या तोंडाकडे बघवेना. सोपं होतं तेच मी केलं, आयुष्यभर केलं तसं.

"हो काका," मी म्हणाले. "खोटं बोलले."

त्याने हात सोडले, डोळे पुसले, मला आशीर्वाद दिला. सुनेने माझ्यापुढचा चहाचा कप उचलला आणि भरलेलाच आत नेला.